इंटरव्ह्यूच्या कोटातलं भूत

दिवाळी झाली की पुढचा महिनाभर घरातल्या बाईला कुणी काही विचारू नये, असा एखादा नियम असायला हवा होता. भाजून झालेलं असतं, तळून झालेलं असतं, पाहुणे येऊन गेलेले असतात, आणि डब्यांच्या तळाशी तो चिवडा उरलेला असतो, जो कुणी खात नाही आणि टाकवतही नाही. त्या वर्षी मी अशीच एका संध्याकाळी ओट्याला टेकून उभी होते. बसले असते, पण बसल्यावर पुन्हा उठावं लागतं. तेवढ्यात आमची आठ वर्षांची कन्या खालून खेळून आली आणि म्हणाली, "आई, पुढच्या सॅटर्डेला हॅलोविन आहे. मी सगळ्यांना सांगितलंय."

"काय सांगितलंयस?"

"की सगळ्यांनी कॉश्च्युम घालायचे, मग आपण घरोघरी जायचं, बेल वाजवायची आणि लोक स्वीट्स देतात."

"कोण लोक?"

"इथले लोक," ती म्हणाली.

इथले लोक म्हणजे वारज्यातल्या आमच्या सोसायटीतले लोक. पेपरवाला बिल घ्यायला आला तरी जे जाळीच्या दाराआडून पैसे सरकवतात ते. मी हसले नाही, कारण तिचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. थोडं खोदल्यावर खरं काय ते कळलं. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींची नात तिच्याच वयाची. तिने बागेत सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "खोटं बोलते ही. असं कुणी कुणाला बेल वाजवून खाऊ देत नसतं. ही सगळंच खोटं सांगते. ही अमेरिकेत नव्हतीच."

आम्ही तिथे तीन वर्षं होतो. तिच्या आठांतली तीन. पावसाळ्याच्या तोंडाला परत आलो होतो आणि तेव्हापासून पोरीकडे इथल्या मुलांना सांगण्यासारखं जे काही होतं ते सगळं तिथलंच होतं. आता शनिवारी हॅलोविन झालं नाही, तर ती तीन वर्षं खोटी ठरणार होती. आणि मग बागेत जाऊन बोलायचं तरी काय?

परत आलो हे आमचं म्हणणं. यांच्या कंपनीच्या भाषेत प्रोजेक्ट संपलं होतं आणि हे 'बेंचवर' होते. आयटीवाल्यांना हे सांगायला नको, पण माझ्या सासूबाईंना सांगावं लागलं, म्हणून इथेही सांगते. बेंचवर म्हणजे पगार चालू, काम बंद. रोज सकाळी डबा घेऊन कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचं, दिवसभर कुणी बोलावतंय का बघायचं, आणि कुणी बोलावलंच तर ते काम द्यायला की घरी पाठवायला, याचा अंदाज बांधत डबा खायचा. त्या वर्षी मंदीमुळे दुसऱ्या प्रकारचंच बोलावणं जास्त चाललं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे शाळेत वर्गाबाहेर उभं करतात तसंच ना?" हे म्हणाले, "नाही गं आई, आत बसवतात." माझी नोकरी मी जाताना सोडून गेले होते, आणि ती काही माझी वाट बघत बसली नव्हती.

तिकडे हॅलोविन सोपं होतं. गावातल्या चर्चच्या तळघरात जुन्या कपड्यांचं दुकान होतं. आम्ही प्रत्येक वस्तूचे मनातल्या मनात रुपये करणारी माणसं, त्यामुळे ते दुकान आम्हाला माहेरासारखं. पोरगी तिथल्या कुणाच्या तरी जुन्या झग्यात परी व्हायची, मी कुठलासा लांब काळा गाऊन घालून चेटकीण. हे दर वर्षी भूत व्हायचे, आणि पांढरी चादर खराब नको म्हणून सोलापुरी चादर पांघरायचे. शेजारच्या आजोबांनी एकदा फार मायेने विचारलं होतं की तू गालिचा झालायस का.

पुण्यात तसलं दुकान कुठलं? मॉलमध्ये तयार झगे होते, पण त्यांच्या किमती बघून मी हात मागे घेतला. बेंचवरच्या माणसाच्या बायकोला हात पटकन मागे घेता येतो. जुन्या बाजारात बघून येतो म्हणून हे रविवारी गेले आणि एक पाना आणि घड्याळाचा पट्टा घेऊन आले. "कपडे?" मी विचारलं. "होते," हे म्हणाले, "पण पाना फार चांगला मिळाला."

आपल्याकडे जुन्या कपड्यांचं दुकान नसतं, कारण ते दुकान स्वतः चालत दारात येतं. बोहारीण. जुने कपडे द्या, स्टीलचं भांडं घ्या. माझ्या सासूबाईंचं अर्धं स्वयंपाकघर सासऱ्यांच्या पँटींतून उभं राहिलेलं आहे. आमच्या सोसायटीत वॉचमन तिला आत सोडत नसे, म्हणून ती गेटबाहेरच्या गुलमोहोराखाली गाठोडं आणि भांड्यांची पाटी घेऊन बसायची. मी दिवाळीत कुणीतरी दिलेला एक कोरा स्टीलचा डबा उचलला आणि खाली गेले.

"कपडे कुठंयत ताई?" तिने माझ्या हाताकडे बघत विचारलं.

"कपडे तुमच्याकडून हवेत. हा डबा घ्या."

तिने डबा घेतला, उलटा केला, बोटाने वाजवला, उन्हाकडे धरून आत पाहिलं. "भोक हाय का?"

"नाही हो. नवा आहे."

"मग देता कशाला?"

हा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "मुलीला भूत व्हायचंय. जुने, काळेबिळे काही असतील तर द्या."

तिने गाठोडं जरा स्वतःकडे ओढलं. "आमच्याकडं चांगल्या घरातले कपडे असतात ताई. भुताखेतातले नसतात."

खूप समजावल्यावर तिने गाठोडं सोडलं. एक काळा परकर, टिकल्यांचं ब्लाउज, एक जांभळा पडदा. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या डब्याला एवढंच? ती म्हणाली, डबा पातळ आहे. मी म्हटलं, निदान अजून एक परकर तरी घाला. आयुष्यभर या बायांशी एक वाटी जास्त मिळावी म्हणून भांडले, आणि आता भर रस्त्यात एका जुन्या परकरासाठी हुज्जत घालत होते. परकर मिळाला. वळले तर मागे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन उभ्या. त्यांनी माझ्या हातातल्या परकरांकडे पाहिलं आणि लगेच पाहिलंच नाही असं दाखवलं. तिथेच मला काळजी वाटायला हवी होती. पण मी दमलेली होते, आणि दमलेल्या माणसाला एका वेळी एकच काळजी झेपते.

घरी सासूबाईंनी परकर चिमटीत धरले. "माझ्या हयातीत या घरातून बोहारणीकडे कपडे गेले. बोहारणीकडून आले नव्हते."

"धुऊन घेते, आई."

"धू. दोनदा धू."

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात काकू. हातात कापडी पिशवी, वर वर्तमानपत्र झाकलेलं. आत आल्या, बसल्या, पाणी नको म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "राग मानू नका हं. सगळे स्वच्छ धुतलेले आहेत, इस्त्रीचे आहेत. दोन साड्या माझ्या आहेत, बाकीचे मुलाचे लहानपणचे. आमच्या यांच्या कारखान्यात टाळेबंदी झाली तेव्हा आम्हालाही शेजाऱ्यांनीच हात दिला होता. असे दिवस सगळ्यांवर येतात. पण त्या बोहारणीकडचे कपडे मुलीला नका घालू. कुणाचे असतात, काय असतात."

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते? की नोकरी गेलेली नाही, फक्त काम नाहीये? की पोरीला भूत व्हायचंय, म्हणून मी डबा देऊन परकर घेतला? दोन्ही वाक्यं मनात म्हणून पाहिली. दोन्ही ऐकून काकू आणखी एक पिशवी घेऊन आल्या असत्या. "बसा ना, चहा टाकते," एवढंच म्हणाले. काकूंनी माझा हात दाबला आणि गेल्या.

त्या गेल्या आणि बातमी राहिली. तिसऱ्या मजल्यावरून फ्रॉक आले. शेजारच्या इमारतीतून एक ओव्हरकोट आणि विजारी आल्या, वॉचमनच्या हाती, "नाव सांगू नका म्हणालेत" अशा निरोपासह. आणि संध्याकाळी साक्षात सेक्रेटरी आले. निवृत्त माणूस, सोसायटीच्या नियमांवर जीव. सही घ्यायला आल्यासारखे दारातच उभे राहिले. हातात हँगरला लावलेला काळा कोट.

"मिस्टर आहेत का?"

हे नुकतेच हिंजवडीहून आले होते. बनियन आणि अर्ध्या चड्डीत बाहेर आले.

"हा कोट," सेक्रेटरी म्हणाले. "मी निवृत्त झालो, मला आता कुठे लागतो. तुम्हाला इंटरव्ह्यूला होईल. ड्रायक्लीन केलेला आहे. परत करायची गरज नाही." आणि कुणी काही बोलायच्या आत जिना उतरून गेले. आभार मानून घेण्यात वेळ घालवणारा माणूस नव्हता तो.

यांनी कोट बनियनवरच चढवला. आरशात पाहिलं. बाह्या बरोबर मनगटाशी आल्या.

"चांगला बसलाय," हे म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"तू सांगितलं नाहीस त्यांना काही?"

"काय सांगू? आणि कुठून सुरू करू?"

ते कोट न काढता तसेच पलंगावर बसून राहिले.  सासूबाई आत जपाची माळ ओढत होत्या, ती थांबली होती. घरातल्या तिघांनाही एकच गोष्ट कळली होती, की लोकांची चूक फार मोठी नव्हती. दोन-चार महिन्यांचा फरक असेल, एवढाच.

तेवढ्यात पोरगी खालून आली. दिवाणावर कपड्यांचा ढीग. ती दारातच थांबली. "आई! सगळ्यांनी कॉश्च्युम्स दिले?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी दिले. हातपाय धू आधी."

माझ्या मनात होतं की सकाळी सगळ्या पिशव्या घरोघरी परत न्यायच्या, हसून गैरसमज दूर करायचा. ते तिथेच संपलं. आणखी एक बेत होता, तोही संपला. शनिवारच्या आधी गुपचूप प्रत्येक घरी चॉकलेटचा पुडा देऊन ठेवायचा आणि मुलं आली की द्या म्हणून सांगायचं. पण ज्यांनी आपल्याला काल जुने कपडे दिले, त्यांच्या दारात आज चॉकलेटचे पुडे वाटत कोणत्या तोंडाने फिरणार?

मग सासूबाईंनी पायमशीन पुसलं. तीन दिवस खडखडाट चालला. विजारींचे झगे झाले, ओव्हरकोटाला पडद्याचे पंख लागले. मधूनमधून त्या म्हणायच्या, "भुतांना कशाला लागते दुहेरी शिलाई," आणि दुहेरीच घालायच्या. मी उसवायला बसायचे आणि उसवता उसवता डुलकी काढायचे.

शनिवारी संध्याकाळी मुलं आली. निम्मी वाढदिवसाच्या कपड्यांत आली होती, एक जण शाळेच्या गॅदरिंगमधला मावळा होऊन. कॉश्च्युम म्हणजे नेमकं काय ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यामुळे ढिगाभोवती जी झुंबड उडाली तिला सुमार राहिला नाही. पोरांना टाल्कम पावडर फासली, काजळाची वर्तुळं काढली. मी काकूंची हिरवी साडी डोक्यावरून घेऊन चेटकीण झाले. सासूबाई म्हणाल्या, काही वेगळं दिसत नाहीये. हे रक्त पिणारे भूत. काळ्या कपड्यांत तेवढा एकच नेटका होता आमच्याकडे, सेक्रेटरींचा कोट. मी म्हटलं, "अहो, तो नको." हे म्हणाले, "मग सोलापुरी चादर?" पोरगी म्हणाली, "नो चादर, बाबा." कोटाची कॉलर वर झाली, ओठांच्या कडेला बीट लागलं, आणि संत्र्याच्या सालीचे दात बसले.

सेक्रेटरींची नात आली नव्हती.

वरून सुरुवात केली. पहिलं दार उघडलं, जाळीआडून प्रश्न आला, "वर्गणी? गणपतीत दिली की."

"वर्गणी नाही काका, हॅलोविन," पोरगी म्हणाली.

"तेही गणपतीत धरा." दार बंद.

दुसऱ्या दाराने मुलांना पाहून न बोलताच कडी घातली. तिसऱ्या दारातल्या आजींनी विचारलं, कुणाची मुलं ही, इतक्या फाटक्या कपड्यांत? काकू घरी नव्हत्या. एवढं करून जिन्यात आम्ही सगळे खाऊसाठी घेतलेल्या एका रिकाम्या उशीच्या अभ्र्यासह उभे. मावळा कुजबुजला, "ती म्हणत होती तेच खरंय ना?" पोरीने ऐकलं. ती पुढे चालत होती, मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण कान दिसत होते. पावडरीतूनही लाल दिसत होते. मला वाटलं, आता हिला उचलावं आणि घरी न्यावं. मग लक्षात आलं, आठ वर्षांची पोर उचलण्याइतकं बळ माझ्यात उरलेलं नाही.

पहिल्या मजल्यावर तिने स्वतःच सेक्रेटरींची बेल दाबली. मी यांच्या कोटाची बाही ओढली, पण जिन्यात मागे सरकायला जागा नव्हती.

सेक्रेटरींनी दार पूर्ण उघडलं. त्यांच्या मागे नात वही घेऊन उभी. त्यांनी मुलांवरून नजर फिरवली, माझ्या साडीवर थांबवली, आणि मग ती वर जाऊन कोटावर टेकली. बिटाचा एक थेंब कॉलरवर होता. 

"इंटरव्ह्यू कसा झाला?" सेक्रेटरींनी विचारलं.

यांनी तोंडातली साल काढून हातात घेतली. "अजून कळवलं नाही त्यांनी."

"असे गेलात तर लवकर कळवतील." मग ते पोरीकडे वळले. "हं. तुमचं काय काम?"

"ट्रिक ऑर ट्रीट," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. आणि मग मराठीत, "बेल वाजवली की खाऊ द्यायचा असतो."

"नाही दिला तर?"

 तिला खरंच माहीत नव्हतं. "तिथे सगळे देतात," ती म्हणाली. "मला नाही माहीत नाही दिला तर काय."

"सगळे देतात? कुणी चुकत नाही?"

"नाही."

"म्हणजे नियम आहे," सेक्रेटरी म्हणाले. एवढा समाधानी चेहरा मी सोसायटीच्या वार्षिक सभेतसुद्धा पाहिला नव्हता. त्यांनी आत तोंड केलं. "अगं, तो चकल्यांचा डबा आण. मऊ पडलेल्या." आणि मग त्यांनी दाराशेजारचा इंटरकॉम उचलला. एकेका घराला ते सांगत होते ते आम्ही उभ्याउभ्या ऐकलं. "मुलं येतायत. दिवाळीचा उरलेला फराळ द्यायचाय. हो, सगळ्यांनी. नाही, वर्गणी नाही. चिवडा कागदात बांधून द्या, सांडायला नको."

पुण्यातल्या घराघरात दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी जे उरलेलं असतं, त्याला गिऱ्हाईक मिळालं होतं. अशी संधी कुणी सोडत नाही. आम्ही पुन्हा वर चढलो तेव्हा दारं आपण होऊन उघडी होती. मघाशी गणपतीचा हिशेब सांगणारे काका शंकरपाळ्यांचा सगळा डबाच अभ्र्यात पालथा करून म्हणाले, "डबा तेवढा रिकामा हवा होता."

पण त्याआधी, सेक्रेटरींच्याच दारात, नातीने आजोबांना म्हटलं होतं, "मला पण असे कपडे."

"सोसायटीतले जुने कपडे सगळे त्यांच्याकडेच गेलेत," ते म्हणाले. "तिकडे जा." पोरगी तिला घेऊन पळाली, आणि आमच्या घरून ती जांभळे पंख लावून खाली आली.

मुलं पुढे गेल्यावर सेक्रेटरींनी यांना थांबवलं. मीही थांबले.

"म्हणजे नोकरी आहे तर तुम्हाला."

"आहे," हे म्हणाले. "म्हणजे, सध्या आहे."

सेक्रेटरींनी थोडा विचार केला. "मग कोट ठेवा," ते म्हणाले, "बिटाचा डाग थंड पाण्याने जातो." आणि दार लावून घेतलं. यांनी कॉलर खाली केली. जिना आम्ही दोघंही कठड्याला धरून चढलो.

शेवटी सगळा माल आमच्या हॉलमध्ये ओतला गेला. मुलं फरशीवर वर्तुळात बसून सौदे करत होती, दोन करंज्यांना एक अनारसा, खवट चिवडा कुणालाच नको. सासूबाई कुणाचा पंख सुटला ते बघत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून खाली बसले. कपड्यांचा ढीग दिवाणावरून जमिनीवर आला होता. तो आता धुवायचा, घड्या घालायच्या, आणि कुणाचं काय होतं ते आठवायचं. सोमवारचा डबा होता. हे कोट काढून नळाखाली कॉलर धरून उभे होते.

सेक्रेटरींची नात आमच्या पोरीला चिकटून बसली होती. मऊ चकली चावत तिने विचारलं, "आणि ते तू सांगितलेलं, तुमच्या वर्गात खार यायची आणि बाकावर बसायची, ते पण खरंय?"

मी मान वर केली. तीन वर्षांत खारीबद्दल मी तरी काही ऐकलं नव्हतं.

पोरीने थोडा वेळ अनारशाकडे पाहिलं. "खिडकीपर्यंत यायची," ती म्हणाली. "बाकावर नाही. बाकावरचं मी उगाच सांगितलं होतं."

"अच्छा," नात म्हणाली, आणि चकलीचा उरलेला तुकडा तिने पोरीच्या हातावर ठेवला.